शून्य सह्यांचे वाचनालय

आमच्या ले-आउटमधल्या वाचनालयात कोणीही येत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मागच्या बैठकीत पुरावा म्हणून हजेरीची वही फिरवण्यात आली. मे महिन्याची पाने कोरी, एकही सही नाही. सबब वाचनालय बंद करून तिथे बहुउद्देशीय सभागृह बांधावे, असा ठराव आला. बहुउद्देशीय म्हणजे लग्न, बारसे आणि तेरवी.

विरोधकही पेटून उठले. एक भाऊ ‘ग्रंथ हेच गुरू’ या विषयावर चहा निवेपर्यंत बोलले. एका काकूंनी महाराष्ट्राने १९६७ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केल्याची आठवण करून दिली. तिसऱ्यांनी इथे अभ्यास करून तहसीलदार झालेल्या पोराचे नाव घेतले. टाळ्या पडल्या. पण ‘कोणी येत नाही’ या दाव्याला यातल्या कशाने ओरखडा तरी उमटला का? कायदा आहे म्हणून वाचक येतो असे नाही, आणि तहसीलदार झालेला पोरगा तर आता येतच नाही. ठराववाले गालातल्या गालात हसत होते.

ओरखडा पाहायचा तर त्या वहीतच पाहावा. वहीसाठी एक पेन आहे. चोरीला जाऊ नये म्हणून ते टेबलाच्या पायाला सुतळीने बांधले आहे. सुतळी वीतभर. म्हणजे सही करायची तर वही फरशीवर घ्यावी आणि वाचकाने तिच्यापुढे उकिडवे बसावे. बसला, तरी पेन उठत नाही. रिफिल संपली आहे. “काऊन जी, रिफिल काऊन नाही बदलवली?” असे शिपाईभाऊंना विचारले. ते म्हणाले, “मंजुरी नाही जी.” मंजुरी नाही, कारण वाचक नाहीत. वाचक नाहीत, कारण सह्या नाहीत. सह्या नाहीत, कारण रिफिल नाही. एप्रिलअखेरच्या शेवटच्या सहीत ‘कु.’पर्यंत शाई आहे, पुढे नावाच्या जागी नुसती खरवड. आणि मेची ती कोरी पाने? उजेडात तिरपी धरा. पानभर बिनशाईच्या सह्या आहेत.

त्या उमटल्या तो महिनाही पाहा. नागपूरचा मे! नवतपात भरदुपारी इथला कुत्रासुद्धा नालीतून उठत नाही, आणि वाचनालयाची वेळ अकरा ते पाच. कूलर आहे, त्यात पाणी टाकायला माणूस नाही. तशात जे आले, ते वाचक नव्हेत तर कोण? ३० मे २०२४ ला याच शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवले होते. कोणी मुकाट्याने मानले नाही. तपासणी झाली आणि सेन्सर बिघडल्याचे निघाले. यंत्राचा आकडा तपासायचा, एवढी अक्कल या शहराला आहे. वहीचा आकडा मात्र ब्रह्मवाक्य, कारण तो सोयीचा आहे.

पाचला कुलूप लागते, त्यानंतर कधी तिकडून जा. भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरे-पोरी बंद दाराच्या पायरीवर, रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तके उघडून बसलेली असतात. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो दरमहा पैसे भरून खासगी अभ्यासिकेत एसीखाली बसतो. बाकीच्यांना डास. ही पोरे वहीत कुठून येणार? वही तर आत कुलपात असते! कुलूप तुम्हीच लावायचे आणि वर आत कोणी नाही म्हणून गळा काढायचा, याला पुरावा म्हणत नाहीत, बदमाशी म्हणतात.

रविवारी ठरावावर मतदान आहे. विरोधकांनो, ग्रंथगुरू आणि तहसीलदार दोघांनाही घरी ठेवा. फक्त मेची पाने खिडकीपाशी नेऊन सगळ्यांना दाखवा. आणि मत नोंदवताना सही करावी लागते. पेन घरून न्या.