घरगुती कारणास्तव बंद

कोरोनाच्या दोन वर्षांत दुकानदारांच्या घरी अचानक फार कामं निघाली. जो तो पाटी लावून मोकळा : ‘घरगुती कारणास्तव दुकान आठ दिवस बंद राहील.’ कुणी ‘तांत्रिक कारण’ लिहिलं, कुणी ‘रंगकाम चालू आहे’. रंगकाम संपून शटर वर गेलं, तर भिंती होत्या तशाच. फक्त काउंटरवरचा पोऱ्या चार किलोने उतरलेला.

बरं, तब्येतीची माहिती द्यायचीच नाही, असा काही बाणा होता का? छे! त्याच काळात जेवणाच्या पिशवीवर पट्टी चिकटून यायची. शिजवणाऱ्याचं तापमान, बांधणाऱ्याचं तापमान, आणणाऱ्याचं तापमान. घरातल्या माणसाच्या कपाळाला आम्ही हात लावला नसेल, पण कुठल्याशा अनोळखी आचाऱ्याचं ९७.४ आहे, हे आम्हाला पनीर टिक्क्याच्या आधी कळायचं. आणि ते नेहमी ९७.४च असायचं. थर्मल गन कपाळाला लावली काय अन् फ्रीजला लावली काय. १०१ लिहिलेली पट्टी पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. निरोग्याची जाहिरात करायची आणि आजाऱ्याचं रंगकाम!

मालक सांगत नाही म्हणून बातमी थांबते, असंही नाही. एप्रिल २०२०मध्ये दक्षिण दिल्लीत मालवीय नगर भागात पिझ्झा पोचवणाऱ्या एका तरुणाला लागण झाली. जिल्हा प्रशासनाने ७२ कुटुंबांना घरात अलग राहायला सांगितलं आणि देशभरच्या वाहिन्यांनी पिझ्झ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पुढे त्याच्या सहकाऱ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. ती बातमी कुणी पाहिली? अहो, ताटात गरम पडली तरच बातमी खातो आपण. वर्षभराने अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. तोवर आपण दुधाच्या पिशव्या साबणाने आणि कोथिंबीर खायच्या सोड्याने धुऊन झालो होतो.

म्हणजे सांगूच नये का? उलट आहे. मे २०२०मध्ये अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला एका सलूनमधल्या दोघा कारागिरांना कोरोना झाला. त्यांनी लक्षणं असतानाही केस कापले होते, १३९ गिऱ्हाइकांचे. आपल्याकडे असतं तर सलून ‘कुलदैवताला’ गेलं असतं. तिथे अपॉइंटमेंटची वही होती. आरोग्य खात्याने प्रकार जाहीर केला आणि गिऱ्हाइकांना गाठून त्यांच्यावर दोन आठवडे लक्ष ठेवलं. ६७ जणांनी चाचणी करून घेतली, सगळ्या निगेटिव्ह. लक्षणं कुणालाच दिसली नाहीत. कारण कात्रीवाला आणि खुर्चीवाला, दोघांच्याही तोंडावर मास्क होता. मास्कच्या बाजूने जगभर दाखवला गेलेला हा दाखला मिळाला, तो त्या सलूनची भानगड चव्हाट्यावर आली म्हणून. पाटी लावून झाकली असती, तर १३९ डोकी नुसतीच भादरली गेली असती.

आता मालकांना खासगीपणाची आठवण होते. काउंटरवर कॅमेरा, दारात कॅमेरा, बिलासाठी गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, जमलंच तर वाढदिवसही. पण नोकराच्या तापाचा विषय निघाला, की मालक एकदम घटनातज्ज्ञ. अहो, नाव मागतंय कोण? न्यूझीलंडचं आरोग्य मंत्रालय रीतसर यादी टाकायचं : अमुक सुपरमार्केट, अमुक तारीख, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत, त्या वेळी तिथे असाल तर हे करा. आजारी माणूस कोण, त्याचा पत्ता नाही. दुकानाचं नाव मात्र स्वच्छ. सरकारच यादी लावतंय म्हटल्यावर एकट्या दुकानदाराचं नाक कापलं जाण्याचाही प्रश्न राहत नाही.

अडचण छोट्या दुकानात आहे, हे कबूल. तिघांच्या सलूनमध्ये ‘एका कर्मचाऱ्याला’ म्हटलं, की उरलेले दोघे समोर कात्री चालवताना दिसतातच. तिथे गावभर बोंब मारण्यापेक्षा, त्या दिवसांत येऊन गेलेल्यांना फोन करावा. नंबर आहेतच, ‘दिवाळी धमाका’ कळवताना सापडतात ना?

पण फोन करायचा तर मालकाला आधी कळायला हवं, आणि कळवायचं पोऱ्याने. तो का सांगेल? २९ मार्च २०२०ला केंद्राने लॉकडाउनमध्ये पूर्ण पगार द्या, असा आदेश काढला. मेच्या मध्यावर तो मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत बोलून घ्या म्हणून सांगितलं. आपसांत बोलणं म्हणजे काय, ते सांगायला नको. एक बोलतो, दुसरा मान डोलावतो. डिलिव्हरीवाल्यांची तर गंमतच. कंपनीच्या लेखी ते कर्मचारी नव्हतेच, ‘पार्टनर’ होते. तेव्हा ‘आमच्या किती कर्मचाऱ्यांना लागण झाली?’ याचं उत्तर शून्य देता येतं, आणि ते खोटंही ठरत नाही. खोकला आला तर क्रोसिन खाऊन बाइकला किक मारणारा हा पार्टनर नफ्याच्या वाटणीत कुठे बसतो, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. तिकडे अॅमेझॉनने अमेरिकेतल्या आपल्या बाधित कामगारांचा आकडा सांगितला, १९,८१६. मार्चपासूनची बेरीज, पण जाहीर झाली १ ऑक्टोबर २०२०ला.

राहता राहिले आपण, माहितीच्या हक्काचे मानकरी. ज्या सोसायट्यांनी रायडरला लिफ्टबंदी केली, मावशींना गेटवरून परत पाठवलं, भाजीवाल्याचा ऑक्सिजन मोजला, त्याच सोसायट्यांत ‘साधा व्हायरल’ किती मजल्यांवर होता? अॅपवाल्यांनी रायडरचा ताप आपल्याला दाखवला. आपला ताप रायडरला दाखवायची सोय कुणी केली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. तो दारात उभा, आत तिघं खोकतायत, आणि ऑर्डरखालच्या सूचनेत लिहिलंय : ‘पार्सल बाहेर ठेवा. बेल वाजवू नका, बाळ झोपलंय.’