आठवड्याचं जेवण आणि न सापडणारी झाकणं

रविवारचे तीन तास द्या आणि आठवडाभर निश्चिंत राहा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. त्याबरोबरचं चित्रही ठरलेलं असतं. एकाच मापाचे काचेचे डबे, प्रत्येकात भात, उकडलेल्या भाज्या आणि कोपऱ्यात काहीतरी हिरवं. सोमवार ते शुक्रवार डबा काढायचा, गरम करायचा, खायचा. माझी या सल्ल्याबद्दल तक्रार आहे. मी स्वतः दर रविवारी आठवड्याची तयारी करते, घरातल्या सगळ्यांना घरचं, चांगलं खायला मिळावं यासाठी धडपडते. म्हणूनच ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांनी ते सोपं म्हणून सांगितलं की मला राग येतो.

शिजवलेलं अन्न पाच दिवस ठेवायचं नसतं, हे आधी सांगायला हवं. फ्रीज ४ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली असेल तर भाजी-आमटी तीन ते चार दिवस राहते. आपल्या घरांत फ्रीजचं दार दिवसभर उघडतं-मिटतं, मे महिन्यात वीज जाते, त्यामुळे तेवढाही भरवसा नाही. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. आमच्याकडे पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं, कारण ‘अगं, गरम भांडं आत नको ठेवूस, फ्रीज बिघडेल’ असं सासूबाई सांगतात. भात परातीत पसरला की लवकर निवतो, हे मी त्यांना करून दाखवलं आहे. परात धुवायला मोठी पडते, असं त्यांचं म्हणणं. आणि सकाळी त्याच भाताला फोडणी द्यायचा आग्रहही त्यांचाच असतो.

खरं तर आधी करून ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, पण ती कोरड्या पदार्थांची. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी, सांडगे, कुरडया, शेंगदाण्याचा कूट. पाण्याचा अंश काढून टाकला की पदार्थ टिकतो, हे आपल्या आज्यांना नीट कळलेलं होतं. ओला पदार्थ मात्र त्या वेळेवरच करत. मीही रविवारी त्याच वाटेने जाते. फरसबी, गवार निवडायची, खोबरं खोवून बर्फाच्या कप्प्यात टाकायचं, भाजणीचा डबा भरायचा, फोडणी मात्र रोजची रोज. कणीकही मी आदल्या रात्रीच्या आधी मळत नाही, कारण फ्रीजमध्ये ती काळी पडते आणि पोळ्यांना चव राहत नाही. भेंडी, पालेभाजी आठवड्याची चिरून ठेवायला सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. चिरून ठेवलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व कमी होत जातं आणि भेंडी तर दुसऱ्या दिवशी चिकट होते.

या वेळापत्रकाला पहिला धक्का मंडईतच बसतो. विक्रेते पालेभाजीवर सतत पाणी मारतात, जुडी टवटवीत दिसावी म्हणून. ओली मेथी तशीच फ्रीजमध्ये ठेवली की लगेच सडू लागते. म्हणजे जुडी सोडा, मुळं कापा, गवत वेगळं काढा, फडक्यावर पसरा, वाळेपर्यंत थांबा, मग कागदात गुंडाळा. एका जुडीला अर्धा तास जातो आणि शिजली की वाटीभर भाजी होते. सल्ल्यातल्या तीन तासांत हा अर्धा तास कुणीच धरलेला नसतो.

मटकीचंही तसंच. मोड येण्याचा वेग हवेवर ठरतो. थंडीत फडक्यात बांधलेल्या मटकीला दोन दिवस लागतात आणि उन्हाळ्यात एका रात्रीत मोड लांबून वास यायला लागतो. त्यामुळे सोमवारची उसळ कधी बुधवारी होते, तर कधी रविवारीच करावी लागते. मोडामुळे कडधान्यातलं क जीवनसत्त्व वाढतं, म्हणून मी मटकी सोडत नाही.

यापुढचा त्रास उपासांचा, आणि त्याबद्दल बोलायला घरात माणूस मिळत नाही. एकाचा गुरुवार, दुसऱ्याचा शनिवार, संकष्टी कोणत्याही वारी, एकादशी महिन्यातून दोनदा. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, म्हणून लसणाचं वाटण वेगळ्या डब्यात आणि नुसत्या आल्याचं वेगळ्या. उपासाला माझा विरोध मुळीच नाही. मात्र संकष्टी आहे हे मला आदल्या रात्री नऊ वाजता, बाकी सगळं ठरल्यावर का कळावं? दिनदर्शिका भिंतीवरच असते. साबुदाण्याऐवजी वरी आणि राजगिरा घ्या, असंही मी सांगत असते. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च असतो, राजगिऱ्यात प्रथिनं बरीच जास्त. तरीही खिचडीच हवी असते, आणि ती आयत्या वेळी होत नाही, साबुदाणा भिजवावा लागतो.

मुलांच्या डब्याचं वेळापत्रक शाळा ठरवते. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी फळ. हेतू चांगला आहे, मला मान्य आहे. पण दोन मुलं दोन शाळांत असली की दोन वेळापत्रकं होतात, आणि बदल कळतात ते रविवारी रात्री, तयारी संपल्यावर. मधल्या सुट्टीत हात धुवायला वेळ नाही म्हणून रसाचं काही नको, असंही सांगतात. मग उसळ कशी द्यायची, याचं उत्तर त्या कागदावर नसतं.

मधल्या खाण्यासाठी मी फुटाणे, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर ठेवते. लाडू आठवडाभरासाठी केलेले असतात आणि रविवारी संध्याकाळीच अर्धे होतात. मग बुधवारी बिस्किटांची मागणी येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, भारतानेच तो प्रस्ताव मांडला होता, आणि नाचणीला मान मिळाला याचा मला आनंद झाला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण नाचणीचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेल्या बिस्किटाच्या पुड्यामागे घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आधी मैदा किंवा गव्हाचं पीठ, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी त्याच्याही पुढे. ही यादी इतक्या बारीक अक्षरांत असते की दुकानाच्या उजेडात वाचता येत नाही. आईने विकत घेताना वाचावं म्हणून ती छापली असेल, तर आईला दिसेल अशी छापा.

आणि झाकणं. डबे घरात पुष्कळ आहेत, झाकणं मात्र जुळत नाहीत. एक झाकण शाळेत राहतं, एक कचेरीत, एक शेजारी शिऱ्याबरोबर गेलं ते आलंच नाही. झाकण नसलं की डब्यावर ताटली येते, ताटलीवर दुसरा डबा बसत नाही, आणि फ्रीजमधली अर्धी जागा जाते. उरलेली जागा सायीच्या पातेल्याने आणि विरजणाने आधीच धरलेली असते. मी डब्यांवर कागदी पट्टी चिकटवून पदार्थ आणि तारीख लिहिते. तरी दार उघडं धरून, गार हवा बाहेर जात असताना, भरलेल्या फ्रीजसमोर उभं राहून विचारलं जातं, ‘आई, खायला काय आहे?’

सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं नोंदलं गेलं. हे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आगाऊ तयारीने ही मिनिटं कमी होत नाहीत, फक्त रविवारी गोळा होतात. म्हणून आता मी रविवारी दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरते आणि घरातल्या प्रत्येकापुढे एक जुडी ठेवते. सासूबाईंना मेथी, कारण त्यांचा हात बसलेला आहे. यांना शेपू. मुलांना कोथिंबीर आणि वाटाणे, आणि सोलताना खाल्लेले वाटाणे मी मोजत नाही. डब्यांना झाकणं शोधून द्यायचं काम मोठ्या मुलाकडे आहे. ज्या डब्याचं झाकण सापडत नाही, तो डबा त्याने शाळेत न्यायचा.