सेल्फ-हेल्प कुठल्या मजल्यावर?

नोकरीनिमित्त लंडनला बिऱ्हाड हलवलेल्या अमेरिकन माणसाची एक ठाम समजूत असते: भाषा एकच, तेव्हा पुस्तकांचं दुकानही आपल्यासारखंच असणार. तो शिरतो आणि थेट विचारतो, 'सेल्फ-हेल्प कुठे आहे?' 'पहिल्या मजल्यावर,' काउंटरवरची मुलगी सांगते. गडी खूश, कारण त्याच्या हिशेबाने तो पहिल्या मजल्यावरच उभा आहे. मग तळमजल्याला प्रदक्षिणा सुरू होतात. (आपला हा घोळ होत नाही. जमिनीलगतचा मजला मोजायचाच नाही, हा रिवाज इंग्रज जाताना आपल्याकडे ठेवून गेले.)

प्रदक्षिणेत नकाशांचा अख्खा रॅक लागतो. ऑर्डनन्स सर्व्हेच्या लॅंडरेंजर मालिकेत ग्रेट ब्रिटनचे २०४ तुकडे आहेत, त्यांवर पायवाटासुद्धा. गाडी हाकायला नव्हे. पावसात, चिखलातून, मेंढ्यांना सॉरी म्हणत स्वखुशीने चालायला. शेजारी वाफेची इंजिनं. ती ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून १९६८ सालीच निवृत्त झाली, पण त्यांच्या बॉयलरवर अजून जाडजूड सचित्र ग्रंथ निघतात. पलीकडे क्रिकेटचं पिवळ्या कव्हरचं 'विस्डेन', १८६४ पासून दरवर्षी निघणारं. एका खेळाचे एवढे आकडे कोण वाचतं, असं हा गृहस्थ विचारतो. बेसबॉलमधल्या सरासऱ्या तो स्वतः झोपेतही दशांशासकट सांगेल.

मग दुःखाचं कपाट. मध्यंतरी इथल्या साखळी दुकानांनी छळाच्या, हालाच्या बालपणाच्या आत्मकथनांना चक्क वेगळा विभाग दिला होता, वर तशी पाटी लावून. लेखक कोट्यधीश कितव्या पानावर होतो, हे पाहुणा शोधू लागतो. रडणं तुमचं, आशावाद आमचा, अशी त्याची वाटणी. या लाटेतलं एक अतिशय गाजलेलं पुस्तक डेव्ह पेल्झर या कॅलिफोर्नियातल्या माणसाचं होतं, हे त्याला कुणी सांगत नाही. इंग्रज माणूस पाहुण्याची चूक तोंडावर दाखवत नाही, घरी जाऊन बायकोला सांगतो.

आशावादाचंच म्हणाल, तर अँथनी बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये गुंड नायक शेवटी शहाणा होऊ लागतो. तो एकविसावा अध्याय रडक्या ब्रिटनने १९६२ सालीच छापला. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने मात्र कापला आणि आशावादी अमेरिकेच्या हाती तो पडायला १९८६ उजाडलं.

पैसे देताना मात्र सुखद धक्का. छापील किंमत तीच शेवटची. वर कर चढत नाही, कारण इथे छापील पुस्तकांवर व्हॅटचा दर शून्य.

एव्हाना त्याला ब्रिटन आवडू लागलेलं असतं. विशेषतः पुस्तकांखाली कर्मचाऱ्यांनी हाताने लिहिलेल्या शिफारशींच्या चिठ्ठ्या. 'आमच्याकडे हे सगळं भांडवलदारांनी गिळलं,' तो हळहळतो. दुकान वॉटरस्टोन्सचं असतं. ते २०१८ साली एलियट या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या फंडाने विकत घेतलं. पुढच्याच वर्षी एलियटने बार्न्स अँड नोबलही घेतलं आणि वॉटरस्टोन्स सावरणाऱ्या जेम्स डॉन्टना दोन्ही दुकानांचा कारभार दिला. आता नाताळात पाहुणा घरी ओहायोला जाईल, तिथल्या बार्न्स अँड नोबलमध्ये शिरेल आणि चिठ्ठ्या पाहून बायकोला म्हणेल, 'बघ, इंग्रजांनी आपल्यालाही सुधारलं.'