पंचवीस अंशांवरच्या जावईबापूंस अनावृत पत्र

मुक्काम ल्यूकन, काउंटी डब्लिन
मार्चचा शेवटचा आठवडा

चि. जावईबापूंस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपण आणि मी एकाच छपराखाली राहतो. सासऱ्याने जावयाला तोंडावर काही सुनवावं ही आपल्याकडची रीत नाही, आणि मुलीकरवी निरोप धाडला तर वाटेत त्याला फोडणी बसते. तेव्हा चारचौघांत छापून आणणं हाच त्यातल्या त्यात खाजगी मार्ग उरला. नाव कुणाचंच घातलेलं नाही. आयर्लंडातले भारतीय नागरिक २०१६च्या जनगणनेत साडेअकरा हजारांच्या आसपास होते, ते २०२२च्या जनगणनेत ४५ हजारांवर गेले. एवढ्या गर्दीत आपण सुखरूप आहात.

प्रथम आपल्या दातृत्वाला वंदन. सायंकाळी सातला आपण ऑफिसातून येता आणि बूट काढायच्या आधी हॉलमधल्या, म्हणजे दारातल्या बोळातल्या, थर्मोस्टॅटचा आकडा २५ वर नेता. नऊच्या सुमारास बनियनवर येता. साडेनऊला घाम फुटला की खिडकी उघडता, आणि मग तासभर ल्यूकनचं आभाळ आपल्या खर्चाने शेकत बसतं. ॲटलांटिकवरून आलेल्या वाऱ्याला इतक्या अगत्याने घरात घेऊन, गरम करून परत पाठवणारा दुसरा यजमान या गल्लीत नाही. बिल आपण भरता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या आकड्याबद्दल आहे.

मी वीज मंडळात नोकरी केली. ज्या हातांनी सांगली-मिरजेच्या फीडरना भारनियमनाचं वेळापत्रक लावलं, तेच हात आपल्या हॉलमध्ये तीन महिने मागे बांधून उभे आहेत. ठरल्या वेळी चालू करणं आणि ठरल्या वेळी बंद करणं, आणि वर लोकांच्या शिव्या खाणं, यात माझी हयात गेली. या विषयात माझा अधिकार एवढाच, पण तो आपल्यापेक्षा जास्त आहे.

आपला समज असा दिसतो की थर्मोस्टॅट म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. पाचवर नेला की पंखा गरागरा फिरतो, तसा पंचवीसवर नेला की बॉयलर पेटून उठेल आणि घर लवकर तापेल. दोष आपला नाही. कोथरूडच्या घरात आपल्याला जी बटणं भेटली ती सगळी जोर कमी-जास्त करणारी, नाहीतर गीझरसारखी नुसती चालू-बंद. हॉलमधली ही डबी मात्र जोराबद्दल काही बोलतच नाही. तिला एकच गोष्ट ठाऊक: मी जिथे टांगलेली आहे तिथली हवा ठरल्या आकड्याच्या खाली आहे का? असेल तर बॉयलरला ‘पेट’ म्हणायचं, नसेल तर ‘थांब’. आपण २० मागा, २५ मागा, नाहीतर ३० मागा, पंधरापासून विसापर्यंत यायला या घराला तेवढाच वेळ लागणार. फरक पडतो तो विसाच्या पुढे, जिथे थांबायला हवं होतं तिथे कुणी थांबत नाही.

आता थोडं गणित, आपण आयटीवाले म्हणून. जानेवारीत डब्लिनचं सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास असतं. घरात २० ठेवले तर आतबाहेरचा फरक १५, पंचवीस ठेवले तर २०. उष्णता या फरकाच्या प्रमाणात भिंतींतून पळते, म्हणजे पंचवीसवर टिकून राहायचं तर तिसऱ्या हिश्श्याने जास्त. इथल्या सरकारची ऊर्जासंस्था, एसईएआय, सांगते की एक अंश उतरवला तर खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो. माझ्या हिशेबाने सातच टक्के येत होते. मग लक्षात आलं की घरातली माणसं, फ्रिज, टीव्ही आणि आपल्या सासूबाईंची भाकरी ही सगळी फुकटची ऊब आहे. ती वजा केली की बॉयलरच्या वाट्याला उरलेल्या कामात त्या एका अंशाचा वाटा आपसूक मोठा होतो.

पण जावईबापू, आपण २५ का करता याचा तपास मी केला आहे, आणि त्यात आपण एकटे गुन्हेगार नाही.

थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली हॉलमधल्या फळीवर देव आहेत. आम्ही डिसेंबरअखेर आलो तेव्हा इथे सव्वाचारला दिवेलागण होत होती, आता पावणेसातला होते. सूर्य मावळला की सासूबाई समई लावतात. समईची ऊब सरळ वर जाते, डबीला वाटतं घर एकवीस-बावीसवर पोचलं, आणि ती बॉयलरला थांबवते. देव, डबी आणि समई तिघं उबेत. बाकीचं घर पंधराकडे घसरत जातं. आपण येता, पाय गारठतात, ‘हे मशीन बिनकामाचं आहे’ म्हणता आणि पंचवीस करता. डिसेंबरात तर हे सव्वाचारपासून चाले. कन्या वरच्या छोट्या खोलीत घोंगडं पांघरून मीटिंगा करत होती आणि खाली यंत्र तिला उबदार समजत होतं.

पुढचा अध्याय मात्र खास आपला. हॉलमध्ये कुणी बसत नाही, मग तिथला रेडिएटर कशाला, असा विचार करून आपण त्याची चावी बंद केली आहे. काटकसर म्हणून हेतू उत्तम. परिणाम असा की समई शांत झाली की डबीला ऊब पोचवणारं काहीच उरत नाही. शिवाय बाहेरचं दार दर दहा मिनिटांनी उघडतं, कधी नातू, कधी कुरियरवाला. हॉल १७ च्या पुढे सरकत नाही, डबी ‘पेट, पेट’ म्हणत राहते, आणि बैठकीत माणसं उकडून निघतात. ज्या खोलीत थर्मोस्टॅट असतो तिथला रेडिएटर मोकळा सोडायचा असतो, हे बसवणाऱ्या प्रत्येक कारागिराला माहीत असतं. संध्याकाळी डबीला देवाच्या बाजूने फसवलं जातं, रात्री जावयाच्या बाजूने. ती बिचारी दोन्ही वेळेला खरंच बोलत असते, फक्त हॉलबद्दल.

त्या डबीशेजारचा टायमर मी वाचून काढला. त्यात सोमवार ते शुक्रवारसाठी एक कार्यक्रम आहे, शनिवारी सकाळी काहीच नाही, आणि रविवारी दुपारी बारा ते अडीच जोरदार हीटिंग आहे. या घरात रविवारी दुपारी सगळे झोपतात किंवा बाहेर जातात. मग हा कार्यक्रम कुणाचा? आधीच्या भाडेकरूचा. तो माणूस कधीच निघून गेला, पण रविवारी त्याच्याकडे जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आपण आजही गॅस जाळतो. मला त्याचा दिनक्रम आता पाठ आहे. चांगला माणूस असावा, लवकर उठणारा.

भिंतींतल्या वाटोळ्या भोकांबद्दलही लिहायला हवं. आयर्लंडातल्या घरांना ती मुद्दाम पाडलेली असतात, हवा खेळावी म्हणून. आपण त्यांत जुने टॉवेल कोंबले. मग कुकरची वाफ, आंघोळीची वाफ आणि रेडिएटरवर वाळत घातलेल्या माझ्या धोतराची ओल घरातच राहिली, कपाटामागे काळी बुरशी आली, आणि ती घालवायला आपण ओल शोषणारं विजेचं यंत्र आणलंत. टॉवेल फुकटचे होते, हे मान्य. घर घेताना एक अक्षरही पाहायचं असतं, एपासून जीपर्यंतचं ऊर्जेचं मानांकन. भाड्याने देताना ते दाखवणं २००९पासून सक्तीचं आहे. आपण भाडं पाहिलंत आणि बसथांबा पाहिलात. अर्थात या शहरात घर मिळालं हेच पुष्कळ, अक्षर कोण निवडतो!

इमर्शनबद्दल मी हात आखडता घेतो, कारण तो इथल्या लोकांचाही दुखरा विषय आहे. हॉट प्रेस म्हणतात त्या कपाटात पाण्याची टाकी, टाकीत विजेची कांडी, आणि बटणावर दोन खुणा: ‘सिंक’ आणि ‘बाथ’. इमर्शन चालू राहिलं म्हणून आयरिश आयांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना फैलावर घेतलं आहे. अमेरिकेत वाढून इथे आलेला विनोदवीर डेस बिशप त्यावर अख्खं प्रेक्षागृह हसवत असे. आपण मात्र स्मार्ट मीटरचा दर घेतलात, ज्यात संध्याकाळी पाच ते सात वीज सर्वांत महाग आणि रात्री अकरा ते सकाळी आठ स्वस्त, आणि मग बसमधून फोन करता, ‘येतोय, बाथ लाव.’ पावणेसातला!

आपण म्हणाल, थंडीत माणसाने कुडकुडावं काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरासाठी किमान १८ अंश सांगितले आहेत, आणि म्हाताऱ्यांचा त्यात विशेष विचार आहे, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. एसईएआय बैठकीत २० आणि निजायच्या खोल्यांत, बोळांत १५ ते १८ म्हणते. २०२२च्या हिवाळ्यात, ज्या हिवाळ्यात मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांचं मूळ गाव ते वराडकर दुसऱ्यांदा इथले पंतप्रधान झाले, सरकारी कचेऱ्यांना १९ची मर्यादा होती. आणि आपल्याकडे २०२०पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, तरी कोथरूडला आपण ते १६ वर नेऊन रजई घेत होता. पुण्यात सोळा आणि डब्लिनात पंचवीस! बाहेर जे आहे त्याच्या नेमकं उलट आत हवं, हा आपला बाणा दोन्ही देशांत सारखाच आहे.

बेट तरी कुठलं निवडलंत! उष्णता खालून वर उपसून घर तापवता येईल हे १८५२ साली मांडणारे केल्विन बेलफास्टात जन्मलेले, आणि हवेतले कोणते वायू उष्णता अडवून धरतात हे १८५९ साली प्रयोगाने दाखवणारे टिंडाल कार्लो काउंटीतले. केल्विनची ती कल्पना आता हीट पंप म्हणून सरकारला २०३०पर्यंत चार लाख जुन्या घरांत बसवायची आहे. ते यंत्र कोमट पाण्यावर, सावकाश, तासन्‌तास चालतं. आपल्यासारखं सातला पंधरावरून पंचवीसवर उडी मार म्हटलं, तर ते नम्रपणे नकार देईल. मालकाने पंप बसवायच्या आत ही सवय सुटलेली बरी.

तर माझा प्रस्ताव. देव बैठकीतल्या फळीवर जातील. सासूबाईंची संमती मी एका अटीवर मिळवली आहे, अट मुलीला सांगितली आहे. हॉलचा रेडिएटर पूर्ण उघडा. डबी १८ वर, कारण हॉलमध्ये १८ झाले की बैठकीत साधारण २० होतात, हे मी बाजारातलं साधं थर्मामीटर दोन्हीकडे ठेवून पाहिलं. सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. म्हणजे आपण याल तेव्हा घर तापलेलं असेल आणि बोटाला काम उरणार नाही. मधल्या वेळात आणि रात्री १५. ‘सतत मंद चालू ठेवलं तर स्वस्त पडतं’ हे आपल्या मित्राचं मत हीट पंपाला लागू आहे, आपल्या गॅसला नाही. घर जितका वेळ गरम तितका वेळ उष्णता बाहेर जाणार.

अडलं आहे ते कन्येपाशी. दिवसा घरात ती एकटीच काम करते, तीही वरच्या मजल्यावर, आणि खालची एक डबी वरच्या एका खोलीची काळजी घेऊ शकत नाही. वर-खाली वेगळे विभाग करायचे तर सरकार हीटिंगच्या नियंत्रणांसाठी ७०० युरो अनुदान देतं, पण ते घरमालकाला, आणि घर २०११च्या आधीचं असावं लागतं. घर त्याआधीचं आहे. मालकाला पत्र मी लिहून ठेवलं आहे, सही आपली हवी. तोवर तिने बैठकीत बसून काम करावं असं मी सुचवलं. पण बैठकीत दुपारी मालिका चालतात, आणि तिथे माझं इंजिनिअरिंग संपतं.

अंगात घालायला दोन स्वेटर कपाटात आहेत. एक आपल्या सासूबाईंनी विणलेला आहे, तो आपण लग्नानंतर एकदाही घातलेला नाही. मुद्दाम लिहीत नाही, ओघात आलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सासरा (वरची मागची खोली, १६ अंश)

ता. क. येत्या रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे जातील. टायमरचं घड्याळ ऑक्टोबरात मागे घ्यायचं राहून गेल्यामुळे आधीच्या भाडेकरूचं हीटिंग सबंध हिवाळा एक तास अगोदर, भल्या पहाटे पाचला पेटत होतं. रविवारी ते घड्याळ आपोआप बरोबर होईल. कृपया त्याला हात लावू नये.