मज्जा आली! पुढे काय?

अभिनंदन! भावाच्या मूळपेशी हाडांत रुजल्या, रक्ताचे काउंट वर आले आणि खारघरच्या हॉस्पिटलातून सुटून तुम्ही डोंबिवलीला घरी पोचलात. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी परळच्या टाटा हॉस्पिटलात एका नऊ वर्षांच्या मुलीवर बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) केलं, तेव्हापासून देशात हे चालू आहे. सोसायटीत मात्र तुम्ही पहिलेच, तेव्हा सल्ल्यांना तयार राहा.

सुरुवात काढा नाकारण्यापासून करा. सगळे तुमची प्रतिकारशक्ती वाढवायला निघालेले असतात आणि डॉक्टर नेमकी तीच दाबायला गोळ्या देत असतात. भावाच्या पेशी नव्या भाडेकरूसारख्या घरमालकावरच उलटू शकतात. डोळे कोरडे, तोंडात फोड, कातडी ताठ, लिव्हर बिघडलेलं. याचं नाव जीव्हीएचडी. गुळवेल घेऊन आलेल्या काकूंना हे समजावत बसू नका. ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ म्हणा आणि चहा टाका. गणपतीत कोकणातून आलेलं पपनसही शेजाऱ्यांना देऊन टाका. त्याने प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल भलतीच चढू शकते.

लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घरी घ्यायची नाही. ती डबीत घालून खिशात ठेवायची. आधी रक्त, मग गोळी. खारघरला जायला ठाण्याला उतरून पनवेल लोकल पकडा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला मुभा आहे, पण एव्हाना केस परत आलेले आणि स्टेरॉइडने गाल वर आलेले, म्हणजे तुम्ही डब्यात सगळ्यांत धष्टपुष्ट. कागद हातातच ठेवा.

स्टेरॉइड नुसते गाल देऊन थांबत नाही. साखर, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, खुब्याचं दुखणं हेही मागाहून येऊ शकतं. स्टेशनचा पूल चढताना धाप लागली तर रस्त्यावरच्या धुळीवर ढकलून मोकळे होऊ नका. जीव्हीएचडी फुप्फुसातही शिरतो, डॉक्टरांना सांगून फुप्फुसांची तपासणी (पीएफटी) करून घ्या. मास्क आहेच. गॅलरीतल्या कबुतरांची घाण मात्र दुसऱ्या कुणालातरी काढू द्या.

लहानपणीच्या लसींचा असर बहुधा पुसला गेलेला असतो, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरानंतर त्या पुन्हा सुरू होतात. गोवराची जिवंत लस दोन वर्षांच्या आत नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेव्हाही नाही. लसींचं कार्ड हातात घेऊन बसलात की शेजारची बाई ‘बाळ कुठाय?’ विचारणारच.

राहिला रक्तगट. भावाचा वेगळा असेल तर तुमचाही बदलतो. लायसन्सवर ए, अंगात ओ. फाइलच्या पहिल्या पानावर दोन्ही गट लिहा, आणि खाली ठळक अक्षरांत: रक्त द्यायची वेळ आली तर किरणं दिलेलं, म्हणजे इरॅडिएटेडच द्या.