दीड इंचाचा भूगोल

लष्कराच्या सैनिकभरतीत उंचीची अट प्रांताप्रमाणे बदलते. पंजाब-हरियाणाच्या पोराला १७० सेंटिमीटर भरावे लागतात, केरळ-तमिळनाडूच्या पोराला १६६ पुरतात, आणि महाराष्ट्र व छत्तीसगड एकाच रकान्यात बसवून दोघांकडे १६८ मागितलेत. हा तक्ता मला फार प्रिय आहे. पाच फूट चार इंचांच्या माणसाला आपल्या उंचीचं खापर प्रांतावर फोडायला सरकारी आधार आणखी कुठे मिळणार? फक्त हिशेब करू नये. केला की प्रांतही साडेपाच सेंटिमीटरांनी हात वर करतो. मग ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’चा आसरा घ्यायचा. ही म्हण कुणा उंच माणसाने काढली असेल असं मला तरी वाटत नाही.

आता हा तक्ता छत्तीसगडातल्या कुरुदला लावून बघा. भिलाईचं कुरुद, धमतरीकडचं वेगळं. १९५५च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्यापायी मल्याळी, पंजाबी, तेलुगू, बंगाली आणि आपली मराठी मंडळी भिलाईत आली ती राहिलीच. त्यांची नातवंडं आज एकाच ठेल्यावर गुपचूप, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खातात. यातला कुठला पोरगा कुठल्या रकान्यातला? आजोबांचं गाव विचारायचं की रहिवासी दाखला?

‘रक्तातच असतं हो’ हे उत्तर तयारच असतं, आणि ते अगदीच खोटं नाही. २०२२ साली चोपन्न लाख माणसांच्या अभ्यासातून उंचीशी निगडित असे बारा हजारांवर जनुकीय बदल सापडले. पण एका पंगतीत जेवणाऱ्यांपैकी कोण उंच होईल, एवढंच रक्त चांगलं सांगतं. दोन पंगतींतला फरक बहुतेक वाढप्याचा असतो. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरांनी उंचावल्या, आणि रक्त काही शंभर वर्षांत बदलत नाही. त्या भात खाऊनच उंचावल्या, तेव्हा छत्तीसगडच्या धानाच्या कटोऱ्याला बोल लावणाऱ्यांनीही जरा थांबावं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वयाच्या मानाने खुजी राहिलेली पाच वर्षांखालची मुलं केरळात २३.४ टक्के आहेत, पंजाबात २४.५. ज्यांच्याकडे लष्कर चार सेंटिमीटर कमी मागतं, त्यांची पोरं जास्त नीट वाढताहेत. छत्तीसगड ३४.६, महाराष्ट्र ३५.२. रायपूर-भिलाईकडे मान उंचावून बघणाऱ्या आम्हा मराठी माणसांनी मान जागेवर आणावी. तेवढाच अर्धा इंच कमी होईल.

इंचावरून आठवलं, उंचीचा खरा चमत्कार लग्नाच्या बायोडेटात होतो. तिथे पाच-पाचचा मुलगा पाच-सात होतो, पाच-सातचा पाच-नऊ, आणि मुलीची उंची मुलाकडच्यांच्या अपेक्षेप्रमाणे दोन्ही दिशांना सरकते. बुटाची टाच, केसांचा फुगा आणि मामाचा आग्रह मिळून दोन इंच सहज निघतात. कोरियाला जे साधायला शतक लागलं, ते आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानात होतं. कुठल्याही पाहणीने हे आकडे धरले, तर भारत हॉलंडच्या खांद्याला लागेल.

पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला टाच लावून भागत नाही. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतात, मुलगे तेरा-चौदाव्या. पुढे हाडांची टोकं जुळून येतात आणि मग बारला लोंबकळा नाहीतर दूध-पावडर ढोसा, एक सेंटिमीटर मिळत नाही. ‘लहानपणीच सगळं ठरतं, आता काय उपयोग’ म्हणणाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे: पाया तिथेच पडतो. पण म्हणून मजले चढत असताना सिमेंट बंद करायचं का? शाळेतलं मध्यान्ह भोजन आठवीला संपतं. म्हणजे मुलगा उंच व्हायला लागतो न लागतो तोच सरकारचं ताट उचललं जातं, आणि साडेसतराव्या वर्षी तेच सरकार भरतीच्या मैदानात टेप घेऊन उभं राहतं, १६८ आहेत का बघायला. मधली तीन-साडेतीन वर्षं कुठल्या रकान्यात टाकायची, ते तक्त्यात दिलेलं नाही.