वर्गणी, डिस्क आणि गंगावेशीतली म्हैस

कोल्हापुरात फुटबॉलवरून पेठापेठांत वाद होतात, यात नवल नाही. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांचा सामना असेल त्या दिवशी शाहू स्टेडियमवर गेलेला शहाणा माणूस आधी शेजारी कोण बसलाय ते बघतो आणि मग आपली बाजू ठरवतो. पण पाऊस लागला, मैदानाचा चिखल झाला, की हा सगळा जोश घरातल्या टीव्हीसमोर येऊन बसतो आणि तिथं एकाच तालमीची पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात. यंदाचं कारण मेस्सी नाही, रोनाल्डो नाही. व्हिडिओ गेम विकत घ्यायचा की महिन्याला वर्गणी भरून खेळायचा, यावरून आमच्या पेठेत दोन तट पडलेत.

डिस्कवाल्यांचं म्हणणं साधं. "विकत घेतलं की आपलं, मर्दा. विषय संपला." वर्गणीवाल्यांचं त्याहून साधं. "एका गेमच्या पैशात शेकडो गेम हायत. डोकं लावा की जरा." डोकं लावण्याचं काम पेठेत पूर्वापार तालमीच्या खजिनदारांकडे असतं, म्हणून प्रकरण तात्यांकडे गेलं. गणपतीची पावतीपुस्तकं सांभाळण्यात तात्यांची हयात गेली. वर्गणी हा शब्द ऐकला की ते चष्मा पुसतात.

पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला गेला. मायक्रोसॉफ्टचा गेम पास, म्हणजे महिन्याच्या वर्गणीची योजना, 2017 साली निघाला तेव्हा अमेरिकेत महिन्याला 10 डॉलर पडायचे. पुढं त्याच्या पायऱ्या झाल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वांत वरच्या पायरीचा दर तिकडं 20 चा 30 डॉलर झाला आणि भारतात 829 चे 1,389 रुपये झाले. त्या दरानं वर्षाचे 16,668. प्लेस्टेशन 5 चा मोठा नवा गेम 4,999 चा धरला, तर तीन गेमचे 14,997. "खाली 1,671 उरले," तात्या म्हणाले, "चौघांचं तांबडा-पांढरा झालं. आता सांगा, वर्षात किती गेम शेवटापर्यंत खेळता?"

वर्गणीवाले गप्प. कारण शेकडो गेमांच्या त्या यादीतून पोरं खेळतात फुटबॉल. फार तर 2013 सालचा जीटीए फाइव्ह, जो गेम पासमध्ये आला, गेला, परत आला, परत गेला, आणि प्रत्येक वेळी सासरी गेलेल्या बहिणीसारखं त्याचं स्वागत झालं. बाकीच्या गेमांची चित्रं बघण्यात संध्याकाळ जाते. एखादा उतरवायला घ्यावा तर तो शंभर जीबीचा निघतो, तो उतरेपर्यंत आईची जेवणाची हाक येते, आणि उतरल्यावर लाइट जाते. पण वर्गणी चालूच राहते, कारण "कधीतरी निवांत खेळू" या आशेवर ती भरलेली असते. निवांतपणा विकत मिळत नाही, म्हणून माणूस त्याची वर्गणी भरतो.

वर्गणीचा खरा फायदा उठवणारा गडी पेठेत एकच आहे. तो परीक्षा संपल्यावर एक महिना पैसे भरतो, दिवसरात्र खेळून दोन-तीन गेम निकाली काढतो आणि महिना भरायच्या आत वर्गणी बंद करतो. सगळे असे वागले तर कंपनीला लवकरच दुसरा धंदा शोधावा लागेल. सगळे तसं वागत नाहीत, ही कंपनीची पुण्याई. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज येतो, पण त्या मेसेजकडे आपण लग्नातल्या आहेराच्या यादीइतक्याच आस्थेनं बघतो. तात्यांना हे ऐकून गहिवरून आलं. "आम्ही वर्षातनं एकदा मागतो, ते पण दारात उभं राहून, दोन शब्द ऐकून. ही माणसं दर महिन्याला घेऊन जातात आणि घरधनी झोपलेला असतो. ह्याला म्हणायचं खजिनदार!"

डिस्कवाल्यांनी टाळ्या पिटल्या. फार लवकर पिटल्या, कारण तात्यांनी पुठ्ठा उलटा केला.

फुटबॉलचा गेम दर सप्टेंबरला नवा येतो. 2023 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा फिफाशी असलेला करार संपला, फिफा नाव गेलं आणि ईए स्पोर्ट्स एफसी आलं. त्याच सुमारास कंपनीनं आपले जुने फिफा गेम ऑनलाइन दुकानातून काढून टाकले. नव्या गेममध्ये खेळाडूंच्या बदल्या होतात, जर्सी बदलतात, आणि पोरगा पुन्हा चार-पाच हजार मोजतो, कारण गेल्या वर्षीचा खेळतोय हे मित्रांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणजे हीसुद्धा वार्षिक वर्गणीच. फरक इतकाच की पावती प्लास्टिकच्या डबीत मिळते. त्यात रिअल माद्रिद आहे, मँचेस्टर आहे, पण पाटाकडील नाही, दिलबहार नाही, प्रॅक्टिस क्लब नाही. यावर अजून मोर्चा कसा निघाला नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

बरं, डिस्क घेतली म्हणून सुटका झाली का? पलीकडच्या गल्लीतल्या मित्राशी इंटरनेटवरून खेळायचं तर सोनीची प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी वेगळी भरावी लागते. वर्गणीला शिव्या देणारे डिस्कवाले ती गुपचूप भरतात. वर फुटबॉलच्या गेममधली अल्टिमेट टीमची पाकिटं, म्हणजे पैसे मोजून खेळाडू मिळवायच्या बंद पुड्या. पाकीट फोडताना डोळ्यांसमोर एम्बाप्पे असतो, आत निघतो कुठल्यातरी दुय्यम लीगचा राखीव गोली. आणि हा जमवलेला संघ पुढच्या सप्टेंबरच्या गेममध्ये येत नाही. पुन्हा शून्यापासून सुरुवात. बेल्जियमनं 2018 मध्ये असल्या पाकिटांना जुगार ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला तिथं त्यांच्यासाठी पैसे घेणं थांबवावं लागलं. मटका पाहिलेल्या आपल्या मुलखाला हे बेल्जियमनं शिकवावं, ही जरा नामुष्कीच.

डिस्कवाल्यांना सर्वांत मोठा घाव मे 2024 मध्ये बसला. प्लेस्टेशन प्लसच्या सर्वांत स्वस्त पायरीवर त्या महिन्याला सोनीनं ईए स्पोर्ट्स एफसी 24 वर्गणीतच देऊन टाकला. सप्टेंबरात पुऱ्या किमतीत घेतलेल्यांना तो दिवस दाखवू नये. वर्गणीवाल्यांनी पेढे वाटले म्हणे.

तरीही डिस्कचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती गल्लीत फिरते. चौघांनी पैसे काढले, एक आणली, आठ-आठ दिवस वाटून घेतली, आणि मन भरल्यावर दुकानात देऊन निम्मेअर्धे पैसे सोडवले. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टनं वापरलेल्या गेमांवर बंधनं आणायचा घाट घातला तेव्हा सोनीनं त्यांची टिंगल करणारी छोटी चित्रफीत काढली होती. गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एकानं डिस्क पुढं केली, दुसऱ्यानं घेतली, संपलं. त्याच सोनीचा 2024 चा प्लेस्टेशन 5 प्रो डिस्कच्या खाचेशिवाय आला. खाच हवी तर वेगळे पैसे. टिंगल जुनी झाली की तिचं धोरण होतं.

खरी मेख मालकीत आहे. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात. रोज तिथं पेला पिणं ही झाली वर्गणी. म्हैस विकत घेऊन दारात बांधली की पेंड, वैरण, शेण सगळं आपल्या गळ्यात, पण म्हैस आपली. गेमवाल्यांनी तिसरीच गंमत केली. पैसे म्हशीचे घेतले, दावं तुमच्या हातात दिलं आणि बारीक अक्षरांत लिहिलं की म्हैस कंपनीचीच, तुम्हाला फक्त धार काढायची परवानगी. उद्या कंपनीला गोठा परवडेनासा झाला की तुमच्या दारातली म्हैस दाव्यासकट गायब.

हे गमतीत बोलत नाही. युबिसॉफ्टचा द क्रू हा 2014 चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. 31 मार्च 2024 ला कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि रोख पैसे मोजून घेतलेली डिस्कसुद्धा चहाच्या कपाखाली ठेवण्यापुरती उरली. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी चालेना. त्याच वर्षी जानेवारीत त्याच कंपनीचे वर्गणी विभागाचे प्रमुख म्हणून बसले होते की गेम आपल्या मालकीचे नसण्याची खेळणाऱ्यांना सवय व्हायला हवी. सवय लावायला कंपनीनं तीन महिनेही घेतले नाहीत. मग युरोपात चळवळ उभी राहिली, दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं कायदा केला, जो 2025 पासून लागू झाला: डिजिटल माल विकताना तो विकत मिळत नसून नुसता परवाना मिळतोय, हे स्पष्ट सांगा. कंपन्या आता स्पष्ट सांगतात. लोक तेही न वाचता बटण दाबतात.

तात्यांचा निवाडा असा झाला: वर्षाला एक-दोन गेम खेळणाऱ्यानं डिस्क घ्यावी, तीही सहा महिने थांबून, उतरलेल्या भावात, सुट्टीपुरतं खेळणाऱ्यानं महिनाभर वर्गणी भरून लगेच बंद करावी, आणि फुटबॉलचं वेड असणाऱ्यानं पाऊस थांबल्यावर गांधी मैदानात यावं, तिथं वर्गणी नाही, पाकीट नाही, बूट तेवढे आणावेत. दोन्ही तटांना निवाडा अमान्य झाला. तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांना प्लेस्टेशन प्लसच्या तीन पायऱ्या फार आवडल्या होत्या.

गणपतीची नवी पावतीपुस्तकं छापून आली ती त्याच तीन पायऱ्यांची, त्याच नावांनी. इसेन्शियलमध्ये दोन वेळची आरती. एक्स्ट्रामध्ये आरती आणि प्रसाद. डिलक्समध्ये महाप्रसादाला पहिली पंगत आणि मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहायचा मान. वर्गणी महिन्याला, थेट खात्यातून. पहिल्याच दारात आज्जींनी पुस्तक हातात घेऊन तिन्ही पायऱ्या वाचल्या, चष्म्यावरून तात्यांकडं बघितलं आणि विचारलं, "आणि पैसं बंद केलं तर गणपती दिसायचा बंद हुतो व्हय रं?"

तात्या म्हणाले, "तसलं सॉफ्टवेअर अजून आल्यालं न्हाई, मावशी."